मामांच्या आठवणी छापतोय, पण त्यातला एक दिवस त्यांचा नाहीच

भाटातला_माड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असतो. पण आता एका कामात अडकलोय आणि घरात विचारावं तर प्रत्येकाचं मत आधीच ठरलेलं.

माझे थोरले मामा गेले. हाडाचे शिक्षक. निवृत्तीनंतर त्यांनी लांब वह्यांत आठवणी लिहून ठेवल्यात: लहानपणचा गोव्यातला गाव, पोर्तुगीज शाळा, बेळगावचं कॉलेज, मुक्तीनंतरच्या मराठी शाळा. अक्षर मोत्यासारखं, भाषा घोटीव. वर्गणी काढून तीनशे प्रती छापायचं घरात ठरलं आणि टायपिंग, संपादन माझ्या गळ्यात पडलं.

१८ डिसेंबर १९६१ चं प्रकरण हा वह्यांतला सगळ्यात चांगला भाग. भारतीय फौज फोंड्याकडून येत असताना माघार घेणाऱ्या पोर्तुगीजांनी बाणस्तारीचा पूल उडवला, हा इतिहास सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं आजोळ तिथून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मामा लिहितात, "मी ओसरीवर उभा होतो. जमीन हादरली, खिडकीच्या काचा खणखणल्या, फळीवरची तांब्याची कळशी गडगडत माझ्या पायाशी आली. बाबा एवढंच म्हणाले, पूल गेला."

हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दादा कुठे होता तेव्हा? तो बेळगावला. कळशी माझ्या पायाशी आली होती." मी गप्प. मग तीच पुढे, "आणि काचा कुठल्या? शिंपल्यांची तावदानं होती आपल्याला. काचा दादाने नोकरी लागल्यावर बसवल्या."

मामेभावांचं म्हणणं, बाबांच्या मजकुरातला कानामात्राही हलवायचा नाही. आई म्हणते, "राहू दे, गेला बिचारा." मला दोन्ही पटत नाही. मामा थापा मारणाऱ्यांतले नव्हते. गावात कुणाचा जमिनीचा वाद असला तर साक्षीला त्यांनाच बोलवायचे.

काय करावं? आणखीही दोन जागा अडचणीच्या आहेत, त्या नंतर लिहितो.

---

शब्दवेडी

यात अडचण काय ते मला कळलं नाही. पुस्तकावर 'आत्मकथनपर कादंबरी' छापा आणि मोकळे व्हा. आनंद यादवांची 'झोंबी' आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणूनच आली, त्या पुस्तकाला साहित्य अकादमी मिळालं. कुठली कळशी कुणाच्या पायाशी आली हे कोणी विचारत बसलं नाही. मामांचं गद्य इतकं सुंदर आहे, तुम्ही त्यावर कात्री घेऊन बसू नका, हात जोडून सांगते.

---

जुनी_पानं

शब्दवेडीताई, यादव लेखक होते, त्यांनी स्वतः ठरवलं की ही कादंबरी. इथे लेखक हयात नाही, आणि त्याने आठवणी म्हणूनच लिहिलंय. त्याच्या माघारी भाच्याने वरची पाटी बदलायची, हा तर आणखी मोठा खोटेपणा झाला.

दुसरं. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलंय म्हणून सांगतो. गोव्यातल्या गावांवर मराठीत छापलेली पुस्तकं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. धागाकर्त्यांच्या तीनशे प्रतींपैकी दोन-चार पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात जातील, एखादी तालुक्याच्या वाचनालयात. दहा वर्षांनी देवळाच्या स्मरणिकेत कोणी लेख लिहील, 'एका प्रत्यक्षदर्शीने नोंदवल्याप्रमाणे' म्हणून. त्यानंतर कोणी विद्यार्थी प्रबंधात ती स्मरणिका देईल. झाली कळशी इतिहासजमा, आणि जिच्या पायाशी ती आली ती बाई त्यातून कायमची बाहेर. मोठ्या शहरातल्या आत्मचरित्राला ताडून बघायला वर्तमानपत्रं, पत्रं, दहा इतर आत्मचरित्रं असतात. आपल्या गावाला हे एकच असणार.

---

हणजूण_एक्स्प्रेस

वाचतोय. पॉपकॉर्न नाही, चणे घेऊन बसलोय.

---

स्मरणशक्ती_क्षीण

मी मानसशास्त्र शिकवतो, त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

मामांनी मुद्दाम केलं असेल असं मला अजिबात वाटत नाही. या विषयातलं माझं आवडतं उदाहरण वॉटरगेटचं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष निक्सन याचा वकील जॉन डीन याने १९७३ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली. २४५ पानी निवेदन, कोण कुठे बसलं होतं, कोण काय म्हणालं, सगळं तपशीलवार. लोक त्याला चालताबोलता टेपरेकॉर्डर म्हणायला लागले. नंतर कळलं की निक्सनच्या कचेरीत खरोखरच टेप चालू होत्या. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने साक्ष आणि टेप शेजारी शेजारी ठेवून ताडून पाहिलं आणि १९८१ मध्ये निबंध लिहिला. १५ सप्टेंबर १९७२ च्या बैठकीबद्दल डीनने सांगितलेली वाक्यं तशी कोणी बोललंच नव्हतं. पण आत काय शिजत होतं, हे त्याने बरोबर सांगितलं होतं. मात्र सगळीकडे त्याची स्वतःची जागा प्रत्यक्षापेक्षा थोडी मध्यभागी सरकलेली!

मामांचंही हेच झालं असणार. सुट्टीला घरी आल्यावर बहिणीकडून ऐकलं, पुढे शाळेत मुलांना दरवर्षी सांगितलं. वर्गात 'माझी बहीण म्हणाली' यापेक्षा 'मी' जास्त चालतो. पंचवीस-तीस वर्षं असं सांगितल्यावर तो स्वतः ओसरीवर उभा राहिला. काचा तर पक्का पुरावा: डोळ्यांसमोर जे घर आलं ते नंतरचं, आणि गोष्ट त्यात बसवली. जाणूनबुजून खोटं रचणारा माणूस शिंपल्याच लिहील, कारण तो काळजी घेतो.

---

पर्वरीकर

सरांचं सगळं मान्य, पण विसरभोळेपणाच्या पदराखाली सगळेच लपतात ना! जेम्स फ्रेचं आठवा. व्यसनातून बाहेर आल्याची आठवणकथा, अमेरिकन टीव्हीवरच्या ओप्राने २००५ मध्ये आपल्या वाचक मंडळासाठी निवडली, लाखो प्रती खपल्या. जानेवारी २००६ मध्ये एका संकेतस्थळाने पोलिसांचे कागद काढले. पुस्तकात ८७ दिवसांची कैद, प्रत्यक्षात काही तास. त्यालाही लॅरी किंगच्या टीव्ही कार्यक्रमात बसून 'माझ्या आठवणीप्रमाणे' वगैरे करून झालं. शेवटी प्रकाशकाला पैसे परत करायची तयारी दाखवावी लागली.

आपल्याकडे तर याला स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनचाही वास येतो. १९६१ ला कोण कुठे होता यावर गावोगाव कुजबुज आहे. मी काही तुमच्या मामांबद्दल म्हणत नाही हो. पण 'तो दिवस मी पाहिला' या वाक्याला गोव्यात किंमत आहे, म्हणून त्याची पारखही कडक हवी.

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

पर्वरीकर, मामांनी कधी पेन्शन मागितली नाही की ताम्रपट. त्यांनी मुक्तिलढ्यात होतो असं कुठेही लिहिलेलं नाही. ओसरीवर होतो एवढंच.

---

पर्वरीकर

मग गुन्हा लहान. पण आईची कळशी घेतली ती घेतलीच.

---

शब्दवेडी

तुम्ही सगळे पंचनामा लिहिताय, साहित्य नाही.

जॉन डगाटा म्हणून एक निबंधकार आहे. लास व्हेगासमधल्या एका मुलाच्या आत्महत्येवर त्याने निबंध लिहिला. तथ्यं तपासायला नेमलेल्या जिम फिंगलने वाक्यावाक्याला हरकत घेतली. शहरातल्या स्ट्रिप क्लबची संख्या कागदावर ३१, निबंधात ३४. का, तर म्हणे ३४ ची लय वाक्यात बरी बसते. त्या दोघांच्या भांडणाचंच २०१२ मध्ये पुस्तक झालं. मला तो डगाटा आवडतो. वाचणाऱ्याला त्या शहराचा तो उबग जाणवला, काम झालं. तसंच 'माझ्या पायाशी' लिहिल्यामुळे मामांच्या वाक्यात जीव आलाय. 'बहिणीने मला नंतर सांगितलं की तिच्या पायाशी' असं लिहून बघा, भात थंड झाल्यासारखं होईल.

---

स्मरणशक्ती_क्षीण

ताई, ३१ चे ३४ केल्याने कुणाचं काही गेलं नसेल. इथे एक माणूस गेलंय ना वाक्यातून, आणि ते स्वयंपाकघरात बसून म्हणतंय राहू दे.

(बाकी आत्महत्येवर लिहिताना लयीसाठी आकडे फिरवणं मला किळसवाणं वाटतं. पण ते अवांतर.)

---

जुनी_पानं

धागाकर्त्यांच्या कामाचं उदाहरण मराठीतच आहे. वरसईच्या विष्णुभट गोडशांचा 'माझा प्रवास'. सत्तावन्नचं बंड, झाशी, सगळं डोळ्यांनी पाहिलेला भिक्षुक. पण लिहिलं वीस-पंचवीस वर्षांनी, आठवून. चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ मध्ये छापलं आणि छापताना आपला संपादकी हात भरपूर चालवला. लोक साठ वर्षं तेच खरं म्हणून वाचत होते. १९६६ मध्ये दत्तो वामन पोतदारांनी मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती काढली तेव्हा कळलं, विष्णुभट कुठे बोलतोय आणि वैद्य कुठे.

विष्णुभटाच्या चुका आपण सहज पोटात घालतो. ऐकीव आहे, तिथी चुकली आहे, चालतं. संपादकाने गुपचूप केलेली सुधारणा खटकते, कारण तिथे कोण बोलतंय हेच कळत नाही. म्हणून सांगतो: मामांचं वाक्य जसंच्या तसं ठेवा, काचांसकट. खाली टीप द्या, संपादकाच्या नावाने: लेखक या दिवशी बेळगावला होते, हा अनुभव त्यांच्या धाकट्या बहिणीचा, तावदानं तेव्हा शिंपल्यांची होती. मजकुरात हात घालायचा नाही आणि टिपेत लाजायचं नाही.

---

माशेलची_मावशी

बेळगावला होते याला आईच्या शब्दापलीकडे आधार आहे का? आईचीही स्मरणशक्ती सरांच्या हिशेबात तेवढीच कच्ची की. पाट्टोला 'ओ एराल्दो' या गोव्यातल्या वर्तमानपत्राचे जुने अंक बघायला मिळतील.

---

जुनी_पानं

मावशी, अंक मिळतील, पण १९६१ पर्यंतचं गोव्यातलं वर्तमानपत्र पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सेन्सॉरखालून निघायचं. त्यात काय नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. आणि कोणाची बहीण कुठे उभी होती हे कुठलं वर्तमानपत्र छापतंय! कॉलेजच्या हजेरीचा कागद किंवा वसतिगृहाची पावती शोधा. १९५५ नंतर हद्दीवर नाकेबंदी होती, परवान्याशिवाय ये-जा नव्हती, त्यामुळे 'दोन दिवस घरी आला असेल' ही पळवाटही अवघडच.

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

मावशी, प्रश्न रास्त आहे. मामांच्याच ट्रंकेत आजोबांचं कार्ड सापडलं, बेळगावच्या पत्त्यावर, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातलं. 'सर्व खुशाल. पूल पडल्यामुळे बाजार बंद. बाय घाबरली होती, आता बरी आहे.' बाय म्हणजे आई. हे कार्ड मामांनी साठ वर्षं जपून ठेवलं आणि वही लिहिताना त्याच ट्रंकेवर वही ठेवून लिहायचे!

आता त्या दोन जागा.

पहिली. मामांनी लिहिलंय की गावातला एक माणूस पोर्तुगीज पोलिसांना बातम्या पुरवायचा. नाव, वाड्याचं नाव, सगळं. तो माणूस कधीच वारला, नातवंडं गावातच आहेत. त्यातला एक माझ्याबरोबर क्रिकेट खेळलाय.

दुसरी. आजोळ भाटकारांचं, म्हणजे जमीनमालकांचं; त्यांच्या जमिनीवर घर करून राहणारे ते मुंडकार. मामा लिहितात, "मुंडकार आमच्या घरचेच होते. सणावाराला त्यांची पानं आमच्याच अंगणात पडत."

---

वकीलबाय

पहिल्याबद्दल सांगते, फी नंतर पाठवते.

मेलेल्या माणसाची बदनामी होत नाही असं लोक धरून चालतात. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये, म्हणजे जुन्या ४९९ मध्ये, स्पष्टीकरण आहे: मृत व्यक्तीवरचा आरोप, ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाधक ठरला असता आणि जवळच्या नातलगांच्या भावना दुखवायच्या हेतूने केलेला असला, तर तीही बदनामी होऊ शकते. आणि 'पण हे खरं आहे' एवढ्याने फौजदारीत सुटका नाही. खरं असून ते प्रसिद्ध करणं लोकहिताचं होतं, हेही दाखवावं लागतं. राजगोपाल विरुद्ध तामिळनाडू या १९९४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या मजकुराला मोकळीक दिली आहे, तेव्हा नोंद असेल तर तुमची बाजू बरी.

तर प्रश्न हा, मामांना हे कशावरून माहीत? पाहिलं, की पारावर ऐकलं?

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

"सगळे म्हणत" असं आहे वहीत.

---

वकीलबाय

मग नाव काढ रे बाबा. 'सगळे' कोर्टात येत नाहीत.

---

पर्वरीकर

लिस्बनला तोरे दो तोंबो या राष्ट्रीय अभिलेखागारात पीडेचे, म्हणजे पोर्तुगीज गुप्त पोलिसांचे, कागद आहेत, तिथे शोधता येईल.

---

जुनी_पानं

येईल, आणि जपून. खबऱ्याला पैसे बातमीचे मिळायचे. बातमी नसली की तो ती तयार करायचा, आणि त्याचा वरिष्ठ ती टंकून वर पाठवायचा. शिक्का बसला म्हणून कागद साक्षीदार होत नाही. त्या फायलींमध्ये किती निरपराध माणसं 'संशयित' झाली असतील! नाव वगळा, आणि वगळलंय हे टिपेत सांगा.

---

मुंडकाराची_नात

दुसऱ्या जागेबद्दल कोणीच बोलत नाही, म्हणून मी बोलते. सकाळपासून सगळे कळशीत अडकलात.

'घरचेच होते.' बरं. पानं अंगणात पडत, हे मामांनीच लिहून ठेवलंय. ओसरीवर किती वेळा पडली? माझी आजी अशाच एका भाटात राहायची. पाडप, म्हणजे नारळ उतरवणं, असलं की नारळ गोळा करायला हजर राहायचं, मजुरी विचारायची नाही. भिंत मातीची होती तोवर ठीक, चिरे लावायचे म्हटलं की भाटकाराच्या दारात उभं राहायचं. घर आपलं, जमीन त्यांची, आणि 'ऊठ' म्हटलं की उठायचं. १९७५ चा मुंडकार कायदा काय उगाच आला? घरच्या माणसाला घराबाहेर काढू नये म्हणून कुणी कायदा करतं का?

यात मामांनी एकही गोष्ट खोटी लिहिलेली नाही, हीच गंमत. पानं पडत होती. आजीही सांगते, भाटकारीण प्रेमळ होती, बाळंतपणात तूप पाठवायची. म्हणजे इथे तुमची टीप चालणार नाही काका. 'वस्तुस्थिती अशी' म्हणून काय लिहाल? बेळगाव की घर, हे कार्डावरून ठरतं. हे कशावरून ठरवणार?

---

शब्दवेडी

ताई, मुद्दा जबरदस्त. पण हा मामांचा दृष्टिकोन झाला. आत्मकथनात आपलाच दृष्टिकोन असणार ना? दया पवारांच्या 'बलुतं'मध्ये भाटकाराची बाजू कुठे आहे?

---

मुंडकाराची_नात

दया पवारांच्या गावातल्या वरच्यांची बाजू आधीच शंभर पुस्तकांत छापलेली होती. १९७८ ला एक दुसरी आली तर लगेच तोल साधायचा? शिवाय त्यांनी स्वतःलाही सोडलेलं नाही त्यात. मामांच्या वहीत मामा कुठे स्वतःवर वैतागलेत का, धागाकर्त्यांनी सांगावं.

---

हणजूण_एक्स्प्रेस

चणे संपले.

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

नातताई, वैतागलेत. एका ठिकाणी. शाळेत एका मुंडकाराच्या मुलाला त्यांनी पहिल्या बाकावरून उठवून मागे बसवलं, 'त्याच्या उंचीमुळे', आणि पुढच्याच ओळीत, 'उंचीमुळे हे खरं नव्हे.' मग वही तिथेच सोडून दुसऱ्या दिवसापासून वेगळाच विषय सुरू. टाइप करताना मला ती ओळ खोडावीशी वाटली होती. मामेभावाने तर खोडच म्हणून सांगितलंय.

---

जुनी_पानं

खबरदार.

---

स्मरणशक्ती_क्षीण

त्या ओळीमुळे माझा मामांवर बेळगावसकट विश्वास बसला. पुस्तकातून तीच काढलीत तर उरलेलं कशाला छापताय?

---

शब्दवेडी

या बाबतीत मी पंचनामावाल्यांच्या बाजूने. ठेवा.

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

काल रात्री मामेभावांशी फोनवर दीड तास. वादावादी झाली, मामीने मध्येच फोन घेतला. ठरलं ते असं. मजकूर जसाच्या तसा. बाकाची ओळ राहते, मामी म्हणाली, "त्यांनी लिहिलं तेव्हा मी समोर होते, चहा गार झाला होता." खबऱ्याचं नाव जातं, टीप येते. पुलाच्या प्रकरणाखाली टीप, आणि त्यामागोमाग आजोबांचं कार्ड फोटोसह.

आई टिपेला तयार नव्हती. "दादाला खोटं पाडायचं नाही मला," एवढंच. मग मी विचारलं, तुला तो दिवस लिहायचा आहे का, तुझ्या नावाने? आधी नको म्हणाली. संध्याकाळी स्वतःच सांगायला बसली: आजीने आधीच भाण, म्हणजे पाण्याचं मोठं भांडं, भरून ठेवलं होतं, शेजारची मुलं रडत आमच्याकडे आली, आणि कळशी पायाशी आली तेव्हा ती रिकामी होती की भरलेली यावर तिचं आणि मावशीचं आजही एकमत नाही! चार पानं झाली. ती मामांच्या प्रकरणानंतर लगेच येणार.

मुंडकारांच्या वाक्याचं मात्र माझ्याने काही ठरत नाही. नातताई, तुमच्या आजी बोलतील का माझ्याशी?

---

मुंडकाराची_नात

बोलेल. ऐंशी ओलांडलीये, पण ऐकणारा मिळाला तर तिला थांबवावं लागतं. दोन अटी. भाटकाराच्या पुस्तकात शेवटी बारीक अक्षरात तळटीप म्हणून ती येणार नाही. आणि मामांचं ते पान आधी तिला वाचून दाखवायचं, तूप आणि अंगणासकट, तिच्यासमोर बसून.

---

भाटातला_माड (धागाकर्ता)

वेगळं प्रकरण, त्यांच्या नावाने, मामांच्याच टाइपात. रविवारी येऊ का?

---

मुंडकाराची_नात

सकाळी या, दुपारी ती झोपते. आणि ओसरीवर बसायचं, अंगणात नाही.

---

वकीलबाय

येताना आजींची संमती लेखी घ्या, अंगठा चालेल. आणि आईचीही. आपल्याच माणसांची घ्यायची राहून जाते.